दर्यापूर तालुक्याचं शिखर

परतवाड्याच्या माळ्यांत शालिकरामासारखा गरीब स्वभावाचा माणूस नव्हता, आणि त्याच्यासारखा थापाड्याही नव्हता. वाईट थापा नव्हेत हो. कोणाचं वाटोळं करणारी थाप त्यानं जन्मात मारली नाही. पण कोणी अडचणीचा सवाल केला की त्याच्या तोंडून उत्तर आधी निघायचं आणि विचार मागाहून यायचा. अशाच एका उत्तरापायी त्याच्या बायकोनं, माणिकबाईनं, अकरा वर्षं जीव मुठीत धरून सुख भोगलं. तिचीच ही गोष्ट आहे.

झालं असं, की सव्वीस सालच्या उन्हाळ्यात दोघं नवरा-बायको चिखलदऱ्याला भाजी विकायला गेले होते. साहेब लोक तिथं हवा खायला येत, आणि नुसत्या हवेनं पोट भरत नाही, म्हणून त्यांच्या खानसाम्यांना काकड्या, दुधी, टमाटे लागत. एरवी माल संपायला दुपार व्हायची. त्या दिवशी कोण्या मोठ्या साहेबाकडे मेजवानी होती. सकाळी आठालाच टोपल्या रिकाम्या झाल्या. शालिकरामानं त्या एका ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर पालथ्या घातल्या आणि म्हणाला, "चाल, तुले एक जागा दाखवतो."

लग्नाआधी दोन हिवाळे तो सर्व्हेच्या तंबूत खलाशी होता. साहेबाच्या दुर्बिणीचा पेटारा डोक्यावर घेऊन टेकड्या चढायच्या आणि माथ्यावर निशाण धरून उभं राहायचं, हे त्याचं काम. मळ्यातल्या कामात तो यथातथाच होता, पण कोणता डोंगर कोणत्या डोंगराहून उंच हे विचारा, झोपेत सांगेल. तो तिला वैराटवर घेऊन गेला. अख्ख्या वऱ्हाडात याहून उंच जागा नाही.

माणिकबाईनं पदरानं घाम पुसला आणि खाली पाहिलं. आता हे लक्षात घ्या, की या बाईचं सारं आयुष्य खुरप्याच्या पात्यापुढच्या दोन हात मातीत गेलेलं. वाकून निंदायचं, वाकून लावायचं, वाकून तोडायचं. आणि इथं नजर जाते ती जातेच, थांबायचं नावच घेत नाही. खाली पयनघाटाचा काळा मुलूख पसरलेला, मध्ये कुठं नदीची रेघ, कुठं आमराईचा ठिपका. तिला रडू आलं, मग आपण काहून रडतो म्हणून हसू आलं, आणि मग सणकून भूक लागली. भाकरी खाता खाता तिनं विचारलं, "याच्याहून उंच कोठी हाय काय?"

"वऱ्हाडात नाई. त्यासाठी पार पचमढीले जा लागते. तठी धूपगड हाय. मध्यप्रांत अन् वऱ्हाड मिळून त्याच्यावर कोणी नाई. पण तशी दर तालुक्यात एक जागा असतेच ना, त्या तालुक्यात सगळ्यात उंच."

"दर तालुक्यात?"

"असणारच. सपाट असला तालुका तरी असणार."

"वऱ्हाडात किती तालुके हायेत?"

"बावीस."

तो आकडा तिच्या मनात रुतून बसला.

घरी यायला एक दिवस उशीर झाला. दारात सासू उभी. पार्बताबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हे. नवऱ्याच्या मागं तिनं एकटीनं मळा राखला, वाढवला आणि लेकाचा संसार उभा केला. माणसाचं हिंडणं-फिरणं तिला कळत होतं, पण त्याला कारण लागे. बाजार हे कारण, सोयरीक हे कारण, मयत हे कारण. "कुठी गेल्ते?" तिनं विचारलं.

"वैराटले," शालिकराम म्हणाला.

"काहून?"

झालं. ‘सहज’ म्हणाला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? फार तर चार शिव्या बसल्या असत्या. पण त्याच वर्षी मळ्यातल्या नव्या विहिरीला पाणी लागलं होतं. तीन उन्हाळे खणून खडकच निघत होता, सगळ्यांनी आशा सोडलेली, आणि चैतात अचानक झरा फुटला. शालिकरामाच्या तोंडून निघून गेलं, "नवस केल्ता माय. विहिरीचा."

पार्बताबाईनं लगेच हात जोडले. "मंग आधी सांगतलं नाई ते?"

पुढच्या वर्षी माणिकबाईनं नवऱ्यामागं टुमणं लावलं, की अकोटच्या डोंगरावर जाऊ. आता एकदा फिटलेला नवस पुन्हा कसा फेडणार? पण थापाड्याला थापेला दुसरी थाप जोडणं काय अवघड. "एकाच डोंगराचा नवता माय तो."

"मंग कितीचा व्हता?"

"बावीस तालुक्यांचा."

अशी माणिकबाईला वर्षातून दोनदा मोकळीक मिळाली. एकदा पेरणीआधी, एकदा संक्रांतीनंतर. तेल्हाऱ्याच्या बाजारातून फुटाणे बांधून घेऊन ती नरनाळ्याकडच्या डोंगरावर चढली. सेमाडोहाच्या रानातून जाताना वाघाचा माग ओला पाहिला आणि तरी मागं फिरली नाही. नांदगाव खंडेश्वराच्या माळावर उन्हानं तिचे ओठ फाटले. बुलढाण्याचे घाट झाले, वाशीम झालं, यवतमाळ-पुसदचं रान झालं. शालिकरामाजवळ सर्व्हेच्या मुनशीनं दिलेला एक जुना नकाशा होता. आकडे तो वाचायचा, जमीन ती वाचायची. अकोल्याला नांदत असलेली लेक आईला म्हणायची, "माय, तुह्या पिंढऱ्या पाहून पैलवान लाजतीन." माणिकबाईला त्याचा अभिमान होता, उगाच का लपवा.

नवसाचं निभावून गेलं ते एका गोष्टीमुळं. आपल्या मुलखात डोंगराच्या माथ्यावर देव नाही असं सहसा होत नाही. कुठं महादेव, कुठं देवी, कुठं पीर. त्यामुळं प्रत्येक खेपेला शालिकराम अंगारा घेऊन यायचा आणि पार्बताबाई तो कपाळाला लावायची. घर सुखात होतं.

असे एकवीस झाले. उरलं दर्यापूर. दर्यापूर मुद्दामच शेवटाला ठेवलेलं, कारण तिथं डोंगर सोडा, टेकाडसुद्धा धड नाही. ताटासारखा सपाट, काळ्या मातीचा तालुका. उत्तरेला अंजनगावच्या वर जमीन जराशी उचललेली आहे, तेवढंच.

सदतीस साल उजाडलं आणि पार्बताबाईनं संक्रांतीलाच जाहीर केलं, की बाविसावा देव झाला की उद्यापन करायचं. बावीस जोडपी जेवू घालायची. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. गावभर सांगूनही आली. माणिकबाईनं मनाशी हिशेब केला. उद्यापन झालं म्हणजे नवस फिटला, आणि नवस फिटला म्हणजे सुनेनं डोंगरावर जायचं कारणच संपलं. कारणाशिवाय हिंडणाऱ्या बाईला परतवाड्यात काय म्हणतात ते तिला चांगलं ठाऊक होतं. आणि तिच्या डोक्यात तर अकरा वर्षं धूपगड बसलेला. वयाच्या अडतिसाव्या वर्षी घरी बसायचं आणि पुढची तीस वर्षं पुन्हा त्या दोन हात मातीकडे पाहायचं, या विचारानं तिला जेवण गोड लागेना.

त्यावर आणखी एक झालं. पार्बताबाई म्हणाली, "एकवीस देव तुमीच पाह्यले. हा सपाटीवरचा हाय म्हणता, त मी बी येते. नारळ माह्या हातानं फोडीन."

शालिकरामाचा चेहरा उतरला. "माय, एवढ्या दूर कायले तरास?"

"दमणीत बसून कायचा तरास? अन् देव कोणता हाय तठी?"

"शिवेवरचा हाय. नाव कोणाले ठाव नाई."

घ्या. आणखी एक.

माघातल्या एका पहाटे बैलांची दमणी जुंपून तिघं निघाले. कपाशीचा वेचा आटोपलेला, वावरं मोकळी पडलेली. सोबत घरच्या विहिरीचं पाणी भरून घेतलेला हंडा होता, कारण तिकडं खाली पाणी खारं लागतं. आणि कडब्याखाली होती एक लांब रबरी नळी. ती माणिकबाईनं कापसाच्या जिनातल्या फिटरला चार दिवस भाजी देऊन मिळवलेली. तिच्या दोन्ही टोकांना काचेच्या नळ्या बसवलेल्या. गवंडी पायाची पातळी पाहतात तीच तऱ्हा. डोंगरावर माथा कोणता हे आंधळ्यालाही कळतं. सपाटीवर ते पाण्याला विचारावं लागतं, आणि पाण्याला विचारायची अक्कल माळ्याच्या बाईहून कोणाला जास्त असणार? वाफ्याला पाणी सोडता सोडताच तिचा जन्म गेलेला.

अंजनगावच्या पुढं, तालुक्याच्या उत्तर शिवेवर, नकाशात खूण केलेल्या वावरापाशी ते पोहोचले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. शिवेपलीकडची जमीन याहूनही उंच होती, पण ती एलिचपूर, म्हणजे परतवाड्याच्याच, तालुक्यात. त्याची सगळ्यात उंच जागा त्यांनी कधीच गाठलेली. माणिकबाईनं सासूला बांधावरच्या हिवराच्या सावलीत घोंगडीवर बसवलं आणि नळी काढायला कडबा बाजूला सारला. नळीशेजारी धोतराच्या फडक्यात काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. तिनं सोडून पाहिलं. एक गोल गोटा, शेंदरानं लालभडक माखलेला. शेंदूर अजून बोटाला लागत होता.

"हे काय?" तिनं दबक्या आवाजात नवऱ्याला विचारलं.

"देव," शालिकराम म्हणाला.

"कोणाचा?"

"आजून कोणाचाच नाई." त्यानं मान खाली घातली. "काल सांजी गोठ्यात शेंदूर लावला. मायले दाखवाले कायतरी पाहिजे ना. तू नळी लाव, मी हा हळूच ठेवून देतो. नारळ फुटला की सुटलो."

माणिकबाईला त्याचा राग आला आणि खोटं कशाला बोला, हायसंही वाटलं. गोटा पुन्हा गुंडाळून तिनं त्याच्या हाती दिला आणि ती कामाला लागली.

मामला दोन जागांचा होता. शालिकराम म्हणे, कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडापाशी उंच आहे, कारण सर्व्हेवाले दगड उंचावरच रोवतात. माणिकबाई म्हणे, ते डोंगरावर. वावराचा दगड हद्द जिथं वळते तिथं रोवतात, त्याला उंच-सखल काय कळतं. ती वावरात चारदा फिरली. मागच्या पावसाळ्यात पाणी कुठून फुटून कोणीकडं वाहिलं, त्याचे बारीक ओघळ मातीत अजून दिसत होते. "पाणी अठून दोन्हीकडं गेलं," बांधाच्या वळणाजवळ उभी राहून ती म्हणाली. "हाच माथा."

नळी पाणी भरून पसरली. दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीत आलं, की तिथून जमिनीपर्यंत काठी धरायची. जिथं अंतर कमी भरेल, तिथली जमीन उंच. शालिकराम दगडापाशी टोक धरून बसला, ती वळणापाशी.

सावलीतून पार्बताबाईचा आवाज आला, "नळीनं देव शोधून राह्यले काय रे?"

"हो माय," शालिकराम म्हणाला. "जमिनीत दबला हाय."

इतक्यात काठी घेऊन वावराचा मालक धावत आला. नत्थुजी त्याचं नाव. अंगात बंडी, डोक्यावर फेटा, आणि चेहऱ्यावर असा भाव की कोणी त्याचं घर लुटायला आलं आहे. "कोण हाय बे? कालवा काढून राह्यले काय माह्या वावरातून? मी सही देनार नाई, सांगून ठेवतो."

"गप बस बुवा," पार्बताबाई म्हणाली. "देव शोधून राह्यले."

"माह्या वावरात देव? तीस वर्षं नांगरून राह्यलो, मले त नाई भेटला."

"तुले कसा भेटीन? तू कपाशी शोधत होता."

नत्थुजी काठी टेकून पाहत उभा राहिला. मोजणी तीनदा झाली. तिन्ही वेळा वळणापाशीच अंतर कमी भरलं. चार बोटांचा फरक. शालिकरामानं दोन्ही हात वर केले, म्हणजे हरलो. माणिकबाईनं काठी टाकली आणि त्या जागेवर दोन्ही पाय जोडून उभी राहिली. बावीस झाले. उंची म्हणाल तर चार बोटं, पण वैराटवर फुगली होती तितकीच तिची छाती आताही फुगली. मेळघाटापासून पुसदपर्यंत वऱ्हाडातला एकही तालुका असा उरला नव्हता, की ज्याच्या डोक्यावर ती उभी राहिलेली नाही. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ओरडली नाही. हंड्यातून तांब्याभर पाणी घेऊन सासूकडं गेली.

"आत्याबाई, पाणी प्या. ऊन लय झालं."

पार्बताबाईनं तांब्या हातानं बाजूला सारला. "नारळ फुटू दे आधी. अकरा वर्षं थांबली, आजून घटकाभर."

"म्हणजे?"

"अवं, देवाचं फिटल्याबिगर त्या विहिरीचं पाणी मी कशी पिऊ? ज्या दिशी शालिकनं नवसाचं सांगतलं, त्या दिशीच ठरवलं. दुसऱ्याचं असलेलं पाणी आपलं म्हणून कसं प्यावं?"

माणिकबाईनं तांब्या खाली ठेवला. सासू रोज पहाटे कमरेवर घागर घेऊन गावविहिरीवर जायची, स्वतःच्या माठात तेच पाणी भरायची. विचारलं तर म्हणायची, मले त्याच पाण्याची सवय. सून मनात म्हणायची, म्हातारपणचे चोचले. मळ्यातल्या घरापासून वीस पावलांवर गोड्या पाण्याची विहीर, आणि ही सत्तरीला आलेली बाई अकरा वर्षं अर्धा कोस घागर वाहत होती. कशासाठी? तर सुनेला डोंगर चढायची हौस, आणि लेकाला खरं बोलायची लाज.

तिकडं बांधाच्या आड शालिकरामानं गोटा ठेवून दिला होता. त्यानं हाक मारली, "माय, सापडला वं देव."

पार्बताबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात हळदी-कुंकवाची पुडी. डोळे भरून आलेले. चार पावलं चालली असेल. माणिकबाईला दिसत होतं, की आता तोंड मिटून उभं राहिलं तर सगळं गोडीत होतं. नारळ फुटेल, म्हातारी पाणी पिईल, उद्यापन होईल. आणि खरं बोललं तर? तर उद्यापासून घराचा उंबरा ओलांडायला मिळेल की नाही याचीसुद्धा खात्री नाही. एवढा विचार तिनं केला. पण आदल्या संध्याकाळी गोठ्यात बसून नवऱ्यानं माखलेल्या गोट्यापुढं ती म्हातारी कपाळ टेकणार, हे तिला पाहवेना.

"थांबा आत्याबाई. तो देव नाई."

"काय म्हणतं?"

"काल यायनं शेंदूर लावला त्याले. अठी देव नाई. नवसच नवता. वैराटले आमी सहज गेल्तो, अन् हे तुमाले भिऊन नवस म्हणाले. मंग ते तसंच चालू राह्यलं. मले सगळं ठाव होतं, मी बी बोलली नाई."

नत्थुजीनं काठी या हातातून त्या हातात घेतली. पार्बताबाईनं लेकाकडं पाहिलं. लेक बांधाकडं पाहत होता.

"शालक्या, खरं हाय हे?"

"हो माय."

"मंग विहिरीचं पाणी?"

"खणली म्हणून लागलं. बारा हात मी खणली. माती हिनं अन् तू वाहिली. तुह्या डोक्याले चुंबळ होती, तुले ठाव नाई काय?"

पार्बताबाईचा नारळाचा हात वर गेला. तो आता लेकाच्या टाळक्यात बसतो अशी नत्थुजीची खात्रीच झाली आणि तो दोन पावलं मागं सरला. पण नारळ काही सुटला नाही. म्हातारी सुनेकडं वळली.

"अन् तू? तुह्या पायाले काय खाज होती अकरा वर्षं?"

"मले आवडते," माणिकबाई म्हणाली. "दुसरं काई कारण नाई आत्याबाई. वर गेली की छाती मोकळी होते. घरी आली की सहा महिने खुरपं जड लागत नाई. तुमाले फसवलं ते चुकलं, त्यासाठी काय पाहिजे ती शिक्षा करा. पण चढली त्याचा मले पस्तावा नाई. अन् आजून एक सांगून टाकते. मले धूपगडाले जायचं हाय. तठी बी नवस नाई, काई नाई. जायचं हाय म्हणून जायचं हाय."

पार्बताबाई जिथं होती तिथंच ढेकळात बसली. नारळ मांडीत ठेवून स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "दर उन्हाळ्यात मी त्या विहिरीत वाकून पाहे. तुमी डोंगरावर गेले की रोज पाहे. वाटे, यायचं कायतरी चुकीन, एखादा डोंगर राहीन, अन् देव आपलं पाणी माघारी नेईन. झोप नाई लागे मले. अन् तुमी म्हणता नवसच नवता." तिनं लेकाकडं पाहिलं. "म्हणजे विहीर आपलीच हाय? कोणी मागाले येनार नाई?"

"आपलीच हाय, माय," शालिकराम म्हणाला.

"मी माती वाहिली तिची."

"तूच वाहिली."

"आण तो तांब्या," पार्बताबाई सुनेला म्हणाली.

तिनं एक तांब्या प्याला, दुसरा प्याला, तिसरा अर्धा पिऊन उरलेल्यानं तोंड धुतलं. "गोड हाय वं," म्हणाली, आणि पदरात तोंड घालून रडली. माणिकबाई तिच्याजवळ जाऊन बसली आणि तीही रडली. शालिकराम जवळ येऊ लागला, तशी म्हातारी गरजली, "तू तठीच राय. तो गोटा उचल, अन् अंजनगावापर्यंत डोक्यावर घेऊन चाल. पेटारा वाहाची सवय हाय ना तुले."

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि चौकशी सुरू केली. "कुठी हाय ते तुमचं टोक?" माणिकबाईनं तिला हात धरून वळणापाशी आणलं आणि नेमक्या जागेवर उभं केलं. म्हातारीनं चारी दिशांना मान फिरवली.

"अठून त काईच दिसून नाई राह्यलं."

"हे लहानसं हाय आत्याबाई. चार बोटांचं."

"तरी पण सारा दर्यापूर तालुका माह्या पायाखालीच ना?"

"सारा."

पार्बताबाईनं कंबर सरळ केली. घागरीनं वाकलेली ती कंबर इतकी सरळ झालेली सुनेनं कधी पाहिली नव्हती. म्हातारी तशीच उभी राहिली, वारा खात, नारळ पोटाशी धरून. माणिकबाईला तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं ते तिला बरोबर ओळखू आलं. वैराटवर तिचा स्वतःचा चेहरा असाच झाला असणार.

नत्थुजीनं घसा खाकरला. "म्हणजे बाई, माहं वावर अख्ख्या तालुक्यात सगळ्यात उंच?"

"तीनदा मोजलं," माणिकबाई म्हणाली.

"अन् हे शेजारचं, माह्या साळ्याचं?"

"ते खाली हाय."

पार्बताबाई उतरल्याबरोबर नत्थुजी त्या जागेवर चढला, फेटा नीट केला, आणि साळ्याच्या वावराकडं पाहत असा उभा राहिला की बस. मग घराकडं तोंड करून बायकोला हाका मारू लागला. ती आल्यावर नारळ शेवटी त्याच्या बांधावर फोडला आणि पाच जणांनी वाटून खाल्ला. देवाला ठेवायचा तेवढा पार्बताबाईनं बाजूला ठेवला, आणि कोणत्या देवाला ते विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

परतीच्या वाटेवर शालिकराम दमणीमागं डोक्यावर गोटा घेऊन चालत होता. माणिकबाईला वाटलं, आता राग निवळला तरी डोंगर काही मिळत नाही. धूपगडाबद्दल म्हातारी एक अक्षर बोलली नव्हती. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणं बावीस जोडपी अंगणात पंगतीला बसली. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वर तुपाची धार, वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. पार्बताबाई स्वतः वरण वाढत होती.

शेजारची सत्यवती पहिल्या पानावर होती. गोड आवाजात म्हणाली, "चला आत्या, फिटला एकदाचा नवस. आता माणिकबाई निवांत घरी बसतीन."

पार्बताबाईनं वरणाची बादली खाली ठेवली. "नवस नवताच. शालक्यानं थाप मारली होती."

पंगतीतले हात पत्रावळीवर थांबले. शालिकराम चुलीमागं दडला.

"मंग हे जेवण कायचं?" सत्यवतीनं विचारलं.

"माही सून धूपगडाले चालली. चैताच्या आधी निघीन, रेल्वेनं जाईन. चढणीची वाट हाय, तिच्या नावानं चार माणसं जेवली पाहिजेत. म्हणून जेवण. हात कायले थांबवले? जेवा."

"अन् तठी देव कोणता हाय?"

"मले काय ठाव? ती जाऊन येईन, मंग विचार तिले."

माणिकबाई त्या वेळी पंगतीच्या दुसऱ्या टोकाला सत्यवतीच्या नवऱ्याला भाजी वाढत होती. त्याच्या पत्रावळीवर एकामागून एक चार पळ्या भाजी पडली, तो "पुरे वहिनी, पुरे" म्हणत राहिला, आणि तरी तिचा हात थांबला नाही.